चढावर बाण टार्गेटच्या डोक्यावरून जातो? नवा रेंजफाइंडर घेण्याआधी हे तपासा

सपाट मैदानावर बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसतात, आणि मुळशीकडच्या माळावर गेलं की तेच बाण बटच्या, म्हणजे टार्गेटचा कागद लावतात त्या पेंढ्याच्या किंवा फोमच्या गठ्ठ्याच्या, वरून थेट गवतात. मग अर्धा तास बाण शोधायचे, एखादा कायमचा हरवायचा आणि परत येताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, "काका, मशीन बिघडलंय." मशीन म्हणजे लेझर रेंजफाइंडर, डोळ्याला लावून टार्गेटचं अंतर मोजायचं यंत्र. माझी उमर सर्व्हेच्या कामात गेली, थिओडोलाइटपासून टोटल स्टेशनपर्यंत सगळं खांद्यावर वाहिलंय, त्यामुळे आमच्या तिरंदाजीच्या गटात अंतराची प्रत्येक तक्रार माझ्याकडेच येते. आजवर अशी दहा-बारा 'बिघडलेली' यंत्रं हाताखालून गेली. खरोखर बिघडलेलं त्यात एकच होतं, त्यात पाणी शिरलं होतं. बाकीची सगळी खरं तेच सांगत होती, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हती.

आधी लक्षण पक्कं करा. सपाटीला तीन बाण, चढाला तीन, उताराला तीन, आणि प्रत्येक वेळी बाण कुठे गेला ते वहीत लिहा. आठवणीवर विसंबू नका; हरवलेला बाणच तेवढा लक्षात राहतो.

सपाटीलाही वर, चढालाही वर, उतारालाही वर, आणि टार्गेट जितकं लांब तितका जास्त वर: यार्ड आणि मीटरचा घोळ.

सपाटीला बरोबर, पण चढ आणि उतार दोन्हीकडे वर: यंत्र तिरकं अंतर दाखवतंय आणि तुम्ही तेच साईटवर, म्हणजे धनुष्यावरच्या अंतराप्रमाणे सरकवायच्या नेम-खुणेवर, लावताय.

सपाटीला बरोबर, चढाला वर आणि उताराला खाली: यंत्र गोल्फचं आहे. यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण गेल्या दोन वर्षांत निम्म्या तक्रारी याच्याच आहेत.

सपाटीला बरोबर, चढाला आणि उताराला दोन्हीकडे खाली: कोनाची वजावट दोनदा होतेय. एकदा यंत्र करतंय, एकदा तुम्ही.

आकडा उड्या मारतो, आत्ता ४२ तर लगेच १८: गवत, बॅटरी किंवा हात.

बाण डावीकडे-उजवीकडे जातो: रेंजफाइंडर पिशवीत ठेवा. त्याचा काही संबंध नाही. शेवटी धनुष्याबद्दल लिहिलंय ते वाचा.

आता फुकटच्या तपासण्यांपासून सुरुवात.

पहिली, यार्ड की मीटर. कुठल्याही क्रिकेटच्या मैदानावर जा, पुण्यात त्यांना तोटा नाही. एका टोकाच्या स्टंपजवळ उभं राहून दुसऱ्या टोकाला कुणाला तरी जाड पुठ्ठा धरायला लावा. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. पडद्यावर २२ आलं तर यंत्र यार्डात आहे, २० आलं तर मीटरमध्ये. आकड्याशेजारी वाय किंवा एम असं बारीक अक्षर असतं, पण उन्हात ते दिसत नाही आणि बटण जास्त वेळ दाबलं गेलं की नकळत बदलतं. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. ५० यार्ड म्हणजे ४५.७ मीटर. साईट मीटरची आणि यंत्र यार्डात, तर चार मीटरहून जास्त चूक तुम्ही स्वतःच्या हाताने साईटवर चढवली. त्याच वेळी साईटवरची पट्टी कुणी आणि कशात आखलीय तेही विचारा. गटातल्या मोठ्या मुलाने आखून दिलेली पट्टी यार्डातली निघते आणि धाकटा वर्षभर मीटर समजून वापरतो, असं मी पाहिलंय. तिथे बाण सगळीकडे खाली जातात.

दुसरी, मोजलं कुठून? मोजणारा नेम धरणाऱ्याच्या मागे दोन-तीन मीटरवर उभा असतो आणि तिथूनच आकडा ओरडतो. उतारावर सावली शोधून लोक आणखी मागे सरकतात. बाण सोडायच्या जागेच्या खुंटीवर उभं राहूनच मोजा.

तिसरी, बॅटरी आणि काच. बहुतेक छोट्या यंत्रांत सीआर-२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी लागते. ती उतरत आली की यंत्र सरळ बंद पडत नाही. जवळचं दाखवतं, लांबचं चुकवतं किंवा नुसत्या रेघा दाखवतं. कॅमेऱ्याच्या दुकानातून नवी आणा. तशाच आकाराच्या ३.७ व्होल्टच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या मिळतात, त्या घालू नका. यंत्र ३ व्होल्टसाठी बनलेलं असेल तर त्याचा जीव जाईल. काच सुती जुन्या बनियनने हलकेच पुसा. भिंगं दोन असतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं: एकातून लेझर जातो, एकातून परत येतो. ज्यातून बघतो तेवढीच पुसतात आणि दुसऱ्यावर बोटाचा तेलकट ठसा तसाच.

आता मूळ प्रश्नावर. पडद्यावरचा मोठा आकडा नेमका कशाचा आहे?

यंत्राला मोजता येतं ते तुमच्या डोळ्यापासून टार्गेटपर्यंतचं तिरकं अंतर. प्रकाश जाऊन यायला किती वेळ लागला ते ते मोजतं. एका मीटरच्या जाण्यायेण्याला सुमारे ६.७ नॅनोसेकंद लागतात. बाणाला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण मात्र आडव्या अंतरावरूनच जोखावं लागतं. आमच्या मोजणीच्या भाषेत सांगायचं तर डोंगरउताराची जमीन कागदावर आडवीच मोजतात, उताराची म्हणून जास्त भरत नाही. बाणही कागदावरचाच हिशेब धरतो. म्हणूनच चढ असो की उतार, साईट तिरक्या अंतरावर लावली तर बाण दोन्हीकडे वरच जातो. "उताराला खाली जायला पाहिजे ना?" असं दर वर्षी नवीन पोरं विचारतात. नाही जात.

तिरक्याचं आडवं करायला कोनाचा कोसाइन लागतो. कॅल्क्युलेटर काढू नका, एवढंच पाठ करा. दर १०० मीटरला १० अंशांवर ९८ किंवा थोडं जास्त, १५ वर ९७, २० वर ९४, २५ वर ९१, ३० वर ८७, ३५ वर ८२, ४० वर ७७. म्हणजे ५० मीटरचं टार्गेट २० अंशांवर असेल तर साईट ४७ ला, ३० अंशांवर असेल तर ४३ ला. १० अंशांपर्यंत फरक दीड टक्क्याचा, ४० मीटरवर अर्ध्या मीटरहून थोडा जास्त. त्याच्यासाठी नवं यंत्र घ्यायची काहीही गरज नाही. आणि आपल्या डोळ्याला कोन नेहमी मोठा वाटतो. पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप लागते तेव्हा उभी भिंत वाटते, मोजून बघा एकदा.

यंत्र कुठलं अंतर दाखवतंय हे माहितीपुस्तिका न वाचता कळायची एक युक्ती आहे. सोसायटीच्या एका इमारतीसमोर उभे राहा. समोरच्या भिंतीवर डोळ्याच्या उंचीला धरा. समजा २० मीटर आलं. जागेवरून न हलता त्याच भिंतीवर चौथ्या मजल्याच्या वरच्या कडेला धरा, खिडकी आणि माणसं सोडून. ती कड तुमच्या डोळ्यापासून समजा १२ मीटर उंच आहे. भिंत उभी आहे, तेव्हा आडवं अंतर तेच राहिलं. पुन्हा २० आलं तर यंत्र आडवं अंतर दाखवतंय, आपल्या कामाचं आहे. २३ आलं तर तिरकं दाखवतंय. कोन वेगळा वाचून वरचा पाढा लावा. ३२-३५ आलं तर ते गोल्फचं आहे. पडद्यावर दोन आकडे येत असतील तर कुठला कसा बदलतो तेही इथेच कळतं. काही यंत्रांत मोठा आकडा तिरका असतो आणि आडवा खाली बारीक, काहींत उलट.

गोल्फची गोष्ट. आमच्याकडची बारावीतली एक मुलगी, रिकर्व्ह (ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) चालवते, हात चांगला आहे. दिवाळीनंतर माळावर आली ती नवं कोरं यंत्र घेऊन. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळालं होतं आणि वर 'स्लोप' असं ठळक लिहिलेलं. चढावरच्या टार्गेटला पहिला बाण वरून गेला, दुसराही. तिसऱ्याला मी म्हटलं, थांब, आकडा वाच. "अट्ठेचाळीस, काका. आणि लॉक झालं की हे थरथरतं पण, बघा ना." थरथरतं म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. झेंड्यावर लॉक झालं की थरथरणारी यंत्रं गोल्फसाठी असतात. मी डोळ्याला लावलं तर मोठा आकडा ४८, खाली बारीक ४०, आणि बाजूला अधिक १२ अंश. तिरकं ४०, म्हणजे आडवं ३९. तिने साईट ४८ ला लावलेली.

यंत्राचं चुकलेलं काहीच नव्हतं. गोल्फचा चेंडू वरून खाली येत ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर, टेकतो; ग्रीन उंचावर असेल तर तो वाटेतच आधी टेकतो, म्हणून जास्त अंतराचा फटका मारावा लागतो. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर तो ४८ चा आकडा अगदी योग्य सल्ला ठरला असता. बाणाला तोच सल्ला विष. माझ्या ढोबळ हिशेबाने सेकंदाला ५५ मीटर वेगाच्या बाणाला ४० मीटरवर अंतरातली एका मीटरची चूक साडेसहा सेंटिमीटर वर-खाली नेते. नऊ मीटरची चूक म्हणजे पन्नास-साठ सेंटिमीटर. ८० सेंटिमीटरच्या फेसच्या (टार्गेटच्या कागदाच्या) मधोमध नेम धरला तर वरची कड ४० वरच संपते, बाण हवेत. कंपाउंडचा (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा) बाण वेगवान, त्यामुळे तीच चूक त्याला निम्म्याहून कमी महागात पडते, आणि म्हणून कंपाउंडवाल्यांना हा घोळ महिनोन्महिने कळतच नाही.

तिला नवं यंत्र घ्यावं लागलं नाही. गोल्फच्या बऱ्याच यंत्रांना बाजूला स्लोप बंद करायचं बटण असतं. २०१९ पासून गोल्फच्या नियमांत अंतर मोजायला परवानगी आहे, पण चढ-उताराचा फरक मोजायला नाही, म्हणून ते बटण दिलेलं असतं. ते बंद केलं, तिरकं अंतर तेवढं ठेवलं, आणि मी वर दिलेला पाढा तिने मास्किंग टेपवर बॉलपेनने लिहून धनुष्याच्या आतल्या बाजूला चिकटवला. स्लोप बंद केल्यावर तिच्या यंत्रात कोनही दिसेनासा झाला, तेव्हा कोनासाठी मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप.

दोनदा वजावटीचा प्रकार याच्या उलट. यंत्र आडवं अंतर देतंय आणि हुशार मनुष्य त्यातून पुन्हा सहा टक्के कापतोय. हे इंजिनिअर लोकांत जास्त. एवढंच विचारा: "तू काही वजा करतोस का?"

आकडा उड्या मारत असेल तर आधी गवत बघा. लेझर म्हणजे सुईसारखी रेघ नसते, तो पसरतो. पसरण २ मिलिरेडियन असेल तर ५० मीटरवर तो १० सेंटिमीटर रुंद होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे माळावर कमरेएवढं गवत असतं, आणि उताराकडे धरलं की किरण जमिनीला घासतच जातो. पुढची चार पाती आधी प्रकाश परत पाठवतात आणि यंत्र १८ म्हणतं. यंत्रात जवळची वस्तू आधी किंवा लांबची वस्तू आधी असे दोन मोड असतील तर लांबचा लावा. गोल्फच्या यंत्रांत सहसा जवळचाच असतो, कारण झेंडा झाडांच्या पुढे असतो. कोपर गुडघ्यावर टेकवा किंवा काठीचा आधार घ्या. काळ्या फोमचा बट प्रकाश पिऊन टाकतो. ट्रकच्या मागे लावतात ती लाल-पांढरी चमकती पट्टी तळहाताएवढी कापून बटच्या कडेला चिकटवा, भर दुपारीही आकडा स्थिर येतो. धुक्यात आणि पावसाच्या भुरभुरीत मात्र काही उपाय नाही, थेंबच परतावा देतात. चहा प्या.

इथवर काही सापडलं नाही, तर कोनमापकावर संशय घ्यायला हरकत नाही. याला दोन माणसं आणि दोन काठ्या लागतात. दोन्ही काठ्यांना तुमच्या डोळ्याच्या उंचीवर एकेक पांढरी पट्टी बांधा. एक काठी उताराच्या खाली, एक वर. खालच्या पट्टीशी डोळा लावून वरच्या पट्टीचा कोन वाचा, मग वर जाऊन खालच्या पट्टीचा. खालून अधिक १२ आलं तर वरून उणे १२ यायला हवं. अधिक १४ आणि उणे १० आलं तर खरा कोन १२ आणि यंत्र दोन अंश खोटं बोलतंय. सर्व्हेत आम्ही रोज सकाळी हेच करायचो, फक्त चांगल्या यंत्राने. दोन अंशांची चूक १० अंशांच्या उतारावर काही बिघडवत नाही. ५० मीटरवर पाव-अर्धा मीटर. ३० अंशांवर ती जवळपास मीटरभर होते. काही यंत्रांत कोन शून्यावर आणायची सोय असते, ती पुस्तिकेत बघून करा. नसेल तर ते दोन अंश टेपवर लिहून ठेवा आणि दर वेळी वजा करा.

अंतरावरच संशय असेल तर टेप. बोहरी आळीतून ३० मीटरची फायबरची टेप आणि एक ओळंबा आणा. उतारावर टेप जमिनीवर पसरायची नाही, तसं केलं तर पुन्हा तिरकंच मोजलं जाईल. वरच्या माणसाने टेपचं टोक जमिनीवर धरायचं, खालच्याने टेप आडवी ताणून ओळंबा सोडायचा, ओळंबा टेकेल तिथे खूण. पाच-पाच मीटरचे टप्पे घेत उतरा. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर टेप आडवी आहे का तेही कळतं. या कामाला चाळीस मीटरला वीस मिनिटं जातात आणि कुणालाच आवडत नाही, पण यानंतर वाद उरत नाही. यंत्र यापासून एक मीटरच्या आत असेल तर ते चांगलं आहे. या किमतीच्या बहुतेक यंत्रांची अचूकता तेवढीच असते.

यंत्र निर्दोष ठरलं आणि तरी बाण चुकतोय, तर धनुष्य आणि शरीर. चढ-उतारावर कमरेतून वाकायचं असतं, धड आणि हात यांचा काटकोन न मोडता. लोक नुसता हात वर-खाली करतात, खेच कमी-जास्त होते आणि बाण कुठेही जातो. आडव्या उतारावर उभं राहिलं की धनुष्य नकळत डोंगराकडे कलतं. कंपाउंडच्या साईटवरचा पाण्याचा बुडबुडा सपाटीला बरोबर असून तीव्र चढ-उतारावर फसवत असेल, तर साईटचा तिसरा अक्ष, म्हणजे धनुष्य वर-खाली रोखलं तरी बुडबुडा खरा राहावा यासाठीची जुळणी, नीट करायला हवी. डावी-उजवी चूक तिथून येते.

आता कुठे थांबायचं ते.

नवी बॅटरी, सपाट पांढरी भिंत, यंत्र टेकवलेलं, आणि तरी लागोपाठ दहा आकड्यांत दोन मीटरपेक्षा जास्त फरक: थांबा, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात द्या. आतून बाष्प किंवा बुरशीचे धागे दिसतायत: तेच. पुण्याच्या पावसाळ्यात हे होतं, म्हणून यंत्र डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. स्क्रू काढून आत डोकावू नका. आत लेझरला आणि परतीचा प्रकाश टिपणाऱ्या डायोडला चढा व्होल्टेज लागतो, दोन भिंगांची जुळणी केसाएवढी असते, आणि एकदा सील उघडलं की पुढच्या जूनला पाणी आत. शिवाय सीलबंद यंत्राचा लेझर डोळ्याला सुरक्षित असतो, उघडलेल्याचा असेलच असं नाही. कंपाउंडच्या केबल घरी सोडू नका. त्याला बो-प्रेस (धनुष्य दाबून धरणारं साधन) लागते, नाहीतर हाताची बोटं जातील. तिसरा अक्षही पहिल्यांदा जाणत्या माणसाकडूनच जुळवून घ्या. आणि यंत्र टेपशी जुळतंय, बुडबुडा बरोबर आहे, तरी बाण विखुरतात, तर प्रशिक्षकाकडे जा. दुकानात नको.

दर सीझनला कुणीतरी विचारतं की हे रानडुकराला चालेल का. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि हा मजकूर पेंढ्याच्या आणि फोमच्या टार्गेटपुरताच आहे. सरावही जमीनमालकाची परवानगी असलेल्या, बटच्या मागे मोकळा डोंगर असलेल्या जागीच. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला रेंजफाइंडर खुशाल तपासा. धनुष्य न्यायचं नाही, सकाळी तिथे अर्धं शहर फिरत असतं. स्पर्धेचं म्हणाल तर जागतिक नियमांनुसार फील्ड तिरंदाजीत (डोंगर-रानात फिरत खेळतात त्या प्रकारात) लेझर रेंजफाइंडर चालतच नाही. तेव्हा सरावात आधी अंदाज मोठ्याने बोला, मग यंत्र डोळ्याला लावा.

एवढं करूनही नवं घ्यायचंच असेल तर लांबच्या पल्ल्याच्या जाहिरातीला भुलू नका. डब्यावर हजार मीटर लिहिलेलं असतं, तुमचं टार्गेट साठच्या आत. बघायचं ते एवढं: आडवं अंतर थेट दाखवतं का, कोन सोबत दिसतो का, लांबच्या वस्तूचा मोड आहे का, मीटर-यार्ड बदलतं का, पाच-सहा मीटरपासून पुढे मोजतं का, उन्हात आकडा वाचता येतो का. दुकानदाराला म्हणावं, दारात उभं राहून बघू दे. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर एकदा खाली धरा, एकदा गच्चीच्या कठड्यावर. आकडा तोच राहिला तर बिल करायला सांगा. वाढला तर दुसरं दाखवा म्हणावं, आणि वर 'स्लोप' लिहिलंय असं तो तीनदा म्हणाला तरी.